बारा एप्रिलनंतरचे छत

एक

गुरुवार, २२ ऑगस्ट १९६८ रोजी सकाळी सव्वासात वाजता नारायण पेठेतील विवेकबोध वाचनमंदिराच्या छताचे मधले फूल खाली आले आणि त्याखाली ग्रंथपाल दीनानाथराव गेले. फूल म्हणजे जिप्समच्या गिलाव्यात ओतलेले, बैलगाडीच्या चाकाएवढे नक्षीकाम. वाचनालय उघडायला अजून पाऊण तास होता, म्हणून एकाच माणसावर निभावले. दीनानाथरावांच्या हातात ‘आज वाचनालय बंद आहे’ ही पाटी होती. तिची दोरी बोटांभोवती तशीच गुंडाळलेली होती.

दुपारी तीन वाजता श्रीनिवासरावांना चौकीवर बोलावणे आले. तंत्रविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे विटा, चुना आणि सिमेंट फोडून पाहण्यात घालवलेला हा माणूस निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. फौजदार हिंदुरावांनी त्यांना खुर्ची दिली आणि एक कागद पुढे सरकवला.

“मास्तर, ही सही आपलीच?”

सही त्यांचीच होती. डिसेंबरातल्या कोयनेच्या भूकंपात वाचनमंदिराच्या छताला तडे गेले, तेव्हा दुरुस्तीचा गिलावा कशाने करावा यावर श्रीनिवासरावांनी मार्चमध्ये अहवाल दिला होता. त्यात लिहिले होते: जिप्समच्या पाण्यात ठरल्या मापाने सरस मिसळावा. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढलेला चिकट पदार्थ. सुतार लाकूड जोडायला वापरतात तोच. तेवढा सरस गिलाव्याला चिवटपणा देतो, हे त्यांनी वीस नमुने फोडून ठरवले होते.

“आता असं आहे,” हिंदुराव म्हणाले, “काम केलं धायरीच्या भैरू मिस्त्रीनं. तो म्हणतोय, मास्तरांनी सांगितलं तेच घातलं. मग एक तर भैरू खोटं बोलतोय, नाहीतर तुमची कृती चुकलीय. तो खोटा असेल तर निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे तो आत. कृती चुकली असेल तर...” त्यांनी वाक्य तिथेच सोडले.

“तिसरं काही असलं तर?”

“सोमवारी सकाळी मी कागद वर पाठवणार. त्याच्या आत आणा.”

मागच्या खोलीत गजाआड भैरू गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. श्रीनिवासरावांना पाहून तो उठला नाही. “मास्तर,” तो एवढेच म्हणाला, “तुमी तरी सांगा की मला, मी काय केलं ते.”

दोन

त्याच संध्याकाळी श्रीनिवासराव वाचनमंदिराच्या दिवाणखान्यात शिरले तेव्हा चिटणीस शरच्चंद्र आणि ठेकेदार जयसिंग आधीच येऊन उभे होते. दोघे एकमेकांपासून शक्य तितके लांब उभे होते.

“श्रीनिवासराव, फार पाहू नका वर. मान दुखेल,” शरच्चंद्र म्हणाले. “सरळ आहे. या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची खोड. चुन्यात गूळ घालायचा, बेलफळाचा गर घालायचा. भैरूनं जिप्सममध्येही तेच घातलं.”

“आणि आपण एप्रिलअखेर उद्घाटनाची पत्रिका छापून ठेवली होती,” बिबवेवाडीचा जयसिंग म्हणाला. “भैरू मला म्हणाला होता, माल लवकर घट्ट होत नाही. मी ते आपल्या कानावर घातलं. आपण काय म्हणालात? ‘उन्हाळा आहे, वाळेल.’ ”

“वाळलं की नाही?”

“वाळलं. म्हणूनच आज इथं उभे आहोत आपण.”

श्रीनिवासराव शिडीवर चढले. पडलेल्या फुलाचा ढीग त्यांनी आधी पाहिला होता. वरचा पापुद्रा कठीण होता, आतले पीठ मात्र नखाने निघत होते. आता ते पश्चिमेच्या भिंतीपासून सुरुवात करून दर हातभर अंतरावर छिन्नीने एकेक खपली काढू लागले. पहिल्या तुळईखाली गिलावा दगडासारखा होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुळईखालीही तसाच. चौथ्या तुळईच्या अलीकडे छिन्नी टणकन वाजली, पलीकडे टेकवताच ती बोटभर आत गेली.

ते थांबले. चौथ्या तुळईवर सांधा होता. एका दिवसाचे काम तिथे संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू झाले होते. खालून पाहता दोन्हीकडचा पांढरा रंग सारखाच होता, तडा कुठेच नव्हता. तिथून पूर्वेच्या भिंतीपर्यंतचे सगळे छत, म्हणजे दिवाणखान्याचा अर्धा भाग, केवळ वरच्या पापुद्र्याच्या आधाराने लटकत होता.

“काय झालं?” शरच्चंद्रांनी खालून विचारले.

“आपण उभे आहात तिथून सहा पावलं पश्चिमेला सरका,” श्रीनिवासराव म्हणाले. “हळू. पळू नका.”

सरकताना शरच्चंद्र एका टेबलावर आपटले. तेव्हा श्रीनिवासरावांचे लक्ष खाली गेले. वाचकांची सगळी टेबले आणि बाके पश्चिमेच्या बाजूला एकावर एक रचलेली होती. त्यांची शेवटची रांग चौथ्या तुळईच्या बरोबर खाली संपत होती.

“ही टेबलं कोणी हलवली?”

“दीनानाथरावांनी,” शरच्चंद्र कपाळ चोळत म्हणाले. “आज सकाळीच. झाडलोट करायची असेल.”

तीन

वाचनमंदिरात तक्रारवही होती, आणि नारायण पेठेत असल्यामुळे ती भरलेली होती. शुक्रवारी सकाळी श्रीनिवासराव एप्रिलची पाने घेऊन बसले.

‘दि. ४. आज वाचनालयात मेलेल्या म्हशीचा वास येत होता. मासिकांच्या विभागात म्हैस ठेवली असल्यास सभासदांना तसे कळवावे.’

‘दि. ८. कातडी कमावण्याचा जोडधंदा संस्थेने सुरू केलेला दिसतो. अभिनंदन. खिडक्या उघडाव्यात.’

‘दि. ११. नाक घरी ठेवून येण्याची सोय नसल्यामुळे आजपासून येणे बंद.’

पुढे वास नव्हता. बारा तारखेपासून महिना संपेपर्यंत वासाची एकही तक्रार नव्हती. त्या जागी निराळेच काही सुरू झाले होते.

‘दि. १५. पूर्वेकडे बसलो असता दैनिकावर पांढरा ओघळ पडला. अग्रलेखावर पडल्यामुळे विशेष नुकसान नाही.’

‘दि. १८. काल लावलेला गिलावा आज टोपीला लागला. संस्थेची मालमत्ता परत करण्यासाठी टोपी जमा करावी काय?’

श्रीनिवासरावांनी चष्मा पुसला. गरम सरसाचा वास लपत नाही. अकरा एप्रिलपर्यंत तो होता, बारापासून नव्हता. सरस गेला आणि गिलावा ओघळू लागला. जयसिंगच्या हजेरीपुस्तकात बारा एप्रिलपुढे नोंद होती: ‘चौथी तुळई ओलांडली.’

मग भैरू दोन आठवडे सरसाशिवाय काम करत राहिला आणि त्याने ते लपवले, असाच अर्थ निघत होता. हिंदुरावांना हा अर्थ लागलीच पटला असता. श्रीनिवासरावांनी वही मिटली आणि ती चौकीवर नेण्याऐवजी पिशवीत घातली.

चार

त्याच दुपारी चौकीवरच्या चहाच्या स्टोव्हवर हवालदाराने तवा तापवून दिला. “आमलेट करणार का, मास्तर?” हिंदुरावांनी विचारले.

“दगड भाजणार,” श्रीनिवासराव म्हणाले.

भैरूला बाहेर आणून बाकावर बसवले होते. श्रीनिवासरावांनी दोन पुड्या काढल्या. पहिल्या पुडीतली खपली चौथ्या तुळईच्या पश्चिमेची होती. ती तव्यावर पडताच क्षणभरात हवालदार नाकाला रुमाल लावून मागे सरला. जळलेल्या केसांचा उग्र दर्प खोलीत पसरला.

“हा सरस,” श्रीनिवासराव म्हणाले.

दुसरी खपली पूर्वेची. ती तापली तेव्हा दर्प आला नाही. काकवी करपल्यासारखा गोड वास आला.

“गूळ!” हिंदुराव म्हणाले आणि भैरूकडे वळले. “आता बोल. शरच्चंद्र म्हणाले तेच खरं.”

भैरू तव्याकडे नुसता पाहत होता. “काय झालं, सायेब?”

“काय झालं? वास येत नाही तुला?”

“कसला वास?”

हिंदुरावांना राग आला. श्रीनिवासरावांना मात्र एकदम काहीतरी लक्षात आले. त्यांनी पहिली पुडी पुन्हा उचलली, उरलेली सगळी खपली तव्यावर ओतली आणि तवा उचलून भैरूच्या थेट नाकाखाली धरला. हवालदार खोकत बाहेर पळाला. भैरूने पापणीसुद्धा हलवली नाही.

“कधीपासून?”

“धा-बारा वर्सं झाली असतील,” भैरू ओशाळून म्हणाला. “तपकिरीनं आन्‌ चुन्याच्या धुरळ्यानं नाक गेलं. घरची म्हनती, दूध नासलं तरी पितोस. पर हे कुनाला सांगायचं असतं व्हय? मिस्त्रीचं नाक गेलं म्हनल्यावर काम कोन देईल?”

“सरस कोण तयार करत असे?”

“भिजत मी घालायचो, सांजच्याला. मग धायरीला जायचो. सकाळी मागल्या अंगनात बंबाच्या उबेवर पातेलं तयार असायचं. बोट घालून बगायचो, चिकट हाय का न्हाई. चिकट असायचं. तपकिरी असायचं.”

“बारा एप्रिलनंतरसुद्धा?”

“शेवटपातुर.”

“पातेलं उबेवर ठेवायचं कोण?”

भैरूने उत्तर दिले, आणि श्रीनिवासरावांना आपण हा प्रश्न विचारला नसता तर बरे झाले असते असे वाटले.

पाच

शनिवारी दिवसभर ते घरी बसून राहिले. आपल्या सवयीप्रमाणे त्यांनी कागदाचे दोन भाग केले आणि मुद्दे मांडले. कोणत्याही बाजूने सुरुवात केली तरी ते एकाच नावापाशी येऊन थांबत होते.

भैरूने सांगितलेले नाव दीनानाथरावांचे होते. ‘तू लांबून येतोस, पातेलं मी ठेवत जाईन,’ असे ते म्हणाले होते. तेवढ्याने काही सिद्ध होत नव्हते; अंगणात कोणीही जाऊ शकत होते. पण ती टेबले! वरून धूळ पडत होती म्हणून टेबले हलवायची असती, तर फक्त फुलाखालची हलवली असती. दीनानाथरावांनी बरोबर चौथ्या तुळईपर्यंतची जागा मोकळी केली होती. वाईट गिलावा कुठून सुरू होतो हे खालून कोणालाही दिसत नव्हते. छिन्नी घेऊन वर चढल्याशिवाय ते श्रीनिवासरावांनाही कळले नसते. ज्या दिवशी मिश्रण बदलले तो दिवस ज्याला ठाऊक होता, आणि त्या दिवशी काम कुठे पोहोचले होते हे ज्याने रोज पाहिले होते, त्यालाच ती सीमा ठाऊक असणार. मारला गेलेला माणूसच तो बदल करणारा होता. बदल त्याने केला, चार महिने त्या छताखाली बसला, आणि शेवटी लोकांना वाचवायला पाटी घेऊन निघाला.

का केले, हे ते रविवारी सकाळी विचारायला गेले. वाचनमंदिराच्या मागच्या दोन खोल्यांत दीनानाथरावांच्या थोरल्या भगिनी मथुराबाई राहत असत. लहान वयात वैधव्य आल्यापासून त्या भावाकडेच होत्या. दिवाणखान्यातल्या कोनाड्यातल्या दत्ताची पूजा त्यांच्याकडे होती.

“बसा,” त्या म्हणाल्या. “चहा मिळणार नाही. सुतक आहे.”

“चहासाठी आलो नाही. एप्रिलमधल्या सरसाबद्दल विचारायचं होतं.”

“त्या घाणीचं नाव काढू नका. देवाच्या डोक्यावर हाडं-कातडी! मी दीनूला सांगितलं, हे असलं छत असेल तर मी पूजा करणार नाही आणि अन्नालाही शिवणार नाही. चार दिवस पाण्यावर होते. मग त्यानं कमिटीला सांगून बंद करवलं.”

“कमिटीला सांगून?”

“मला तसंच म्हणाला. ‘ताई, ठराव झाला, आता सोवळं काहीतरी घालणार आहेत. ऊठ, जेव.’ ”

“काय घालणार ते सांगितलं?”

“नाही बाई. तेव्हाच मंडईतून टोपलीभर बेलफळं आणली होती त्यानं. मी म्हटलं, मुरंबा घालते. तर म्हणे, हात लावू नकोस, संस्थेच्या कामाची आहेत. संस्थेला बेलफळं कशाला...”

त्या थांबल्या. श्रीनिवासरावांनी मान खाली घातली.

“कमिटीनं ठराव केला नव्हता,” मथुराबाई हळूच म्हणाल्या.

“नाही.”

“बेल वाईट असतो का हो? भैरूच्या बापानं चुन्यात घातला होता. भैरूच सांगायचा दीनूला, अंगणात बसून. दीडशे वर्षं हलत नाही म्हणायचा.”

“चुन्याला तो मानवतो. चुना महिनोन्‌महिने हवेवर पिकत जातो, त्याला घाई नसते. जिप्समचं तसं नाही. ते अर्ध्या-पाऊण तासात पाणी ओढून दगड होतं. सरस त्याला किंचित थोपवतो आणि घट्ट धरतो. बेल-गूळ त्याला इतकं थोपवतो की दगड व्हायच्या आतच एप्रिलच्या उन्हात त्यातलं पाणी उडून जातं. मग ते नुसतं वाळतं, पिकत नाही. श्रावणाच्या दमट हवेत त्याचं पीठ होतं.”

मथुराबाईंनी पदराचे टोक दोन्ही हातांत घट्ट धरले. “हे तुम्ही उद्या सांगणार?”

श्रीनिवासरावांपाशी आणखी एक वाट होती. रात्रभर ती त्यांच्या उशाशी होती. ‘माझीच कृती चुकली’ असे लिहून दिले की भैरू सुटत होता, दीनानाथरावांचे नाव राहत होते आणि या बाईला काहीच कळायचे नव्हते. त्यांची स्वतःची एकतीस वर्षे तेवढी मातीत जात होती. पण मग छताचा उरलेला चांगला अर्धा भागही पाडला जाणार होता आणि पुढे कोणीही जिप्समचे काम करणारा त्या खोट्या अहवालावर विसंबणार होता. त्यातली दुसरी गोष्ट त्यांना सहन होणारी नव्हती. पहिलीही नव्हती. आणि आता बाईंना सगळे कळून चुकले होते; तीही वाट बंद झाली.

“आपण नाही म्हणालात,” ते म्हणाले, “तर माझ्याजवळ नुसते तर्क आहेत. बेलफळांची टोपली फक्त आपण पाहिलीत.”

मथुराबाई उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. बराच वेळ गेला तरी त्या बाहेर आल्या नाहीत.

सहा

सोमवारी साडेनऊला हिंदुराव कागदावर मजकूर उतरवू लागले. शरच्चंद्र आणि जयसिंग बाकावर होते. भैरू गजाआड उभा होता. श्रीनिवासरावांनी तक्रारवही, हजेरीपुस्तक आणि तुळयांचा नकाशा टेबलावर मांडला आणि क्रमाने सांगितले: वास कधी गेला, मिश्रण कुठे बदलले, टेबले कुठवर सरकली.

“तर्क चांगला आहे, मास्तर,” हिंदुराव म्हणाले. “पण मेलेल्या माणसावर ढकललं असं म्हणतील. साक्षीदार?”

दारात पावले वाजली. मथुराबाई एकट्याच आल्या होत्या. शरच्चंद्र लगबगीने उठले. “मथुताई, अहो आपण कशाला? या दिवसांत बाहेर! संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे, आपल्या भावाच्याही. मी सगळं पाहतो.”

“आपण एप्रिलात पाहायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “टोपीवर पडत होतं तेव्हा.”

त्या हिंदुरावांसमोर उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. टोपली, बेलफळे, खोटा ठराव, आपला उपास. त्यांनी न अडखळता सांगितले. हिंदुराव लिहीत होते. शेवटी त्यांनी मान वर केली.

“बाई, यात दोष आपल्या भावावर जातो. समजतंय ना?”

“अर्धा त्याच्यावर जातो. माझा अर्धा लिहायला जागा ठेवली आहे का?”

“आणि थोडी माझ्यासाठीही ठेवा,” श्रीनिवासराव म्हणाले. “सरस घाला एवढंच मी लिहिलं. दुसरं काहीही घालू नका, आणि का घालू नका, ती एक ओळ लिहिली नाही. प्रत्येकाला माहीत असेल असं मला वाटलं.”

हिंदुरावांनी किल्ली काढली. भैरू बाहेर आला, पण दाराकडे गेला नाही. तो मथुराबाईंच्या समोर येऊन थबकला.

“बाई, एक सांगायचं राहिलं. दीनानाथराव मला रोज इचारायचे. ‘भैरू, माल नीट लागतोय ना?’ माल मऊ व्हता. ठेकेदारास्नी सांगितलं मी. पर त्यास्नी कसं सांगायचं? एवढा शिकलेला मानूस माझ्यासाठी पातेलं हातानं ठिवतो, आन्‌ मी खोड काढू? मी म्हनलो, झकास हाय.”

“रोज विचारायचा?”

“रोज.”

मथुराबाईंचा चेहरा इतका वेळ कोरडा होता. “म्हणजे त्याला धास्ती होती,” त्या म्हणाल्या. “आणि तू झकास म्हणालास की तो आत येऊन पानावर बसायचा. मला वाढून घ्यायला लावायचा. त्या दिवसांत फार दिवसांनी आम्ही दोघं पोटभर जेवलो.”

हिंदुरावांचे पेन कागदावर टेकलेलेच होते.

“मास्तर, हे लिहायचं का?” त्यांनी हळूच विचारले.

अहवालात काय येते आणि काय येत नाही, हे श्रीनिवासरावांनी एकतीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले होते. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि त्यांना ते सांगता आले नाही.